अर्धे प्रल्हाद शिंदे

माळशिरसच्या त्या मंगल कार्यालयात मी आजवर निदान दहा लग्नं जेवलोय, पण पैसे मोजून आत जायची ही पहिलीच वेळ. शंभर रुपयांची देणगी पावती होती. स्टेजवरचा नवरा-नवरीचा सोफा बाजूला सरकवला होता. मागच्या ‘शुभविवाह’ या थर्माकोलच्या अक्षरांवर फ्लेक्स ताणला होता, पण तो थोडा अपुरा पडल्यामुळे ‘शु’ तेवढा बाहेर राहिला होता. फ्लेक्सवर प्रल्हाद शिंद्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘आदरांजली’ आणि त्याहून मोठे पाच-सहा स्थानिक नेत्यांचे फोटो. सातचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू झाला. तोवर दोनशे खुर्च्या भरून मागं माणसं उभी राहिली होती.

निघताना आईनं एकच काम सांगितलं होतं. ‘पाऊले चालती’ म्हणतील तेव्हा रेकॉर्ड करून आण.

तिचं हे सांगणं समजायला आमच्या गावाचा रस्ता माहीत असावा लागतो. ज्ञानोबांची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. आषाढात या रस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर, रसवंतीवर, ट्रॅक्टरवर एकच आवाज असतो. तो आवाज कुणाचा हे विचारायची आम्हाला लहानपणी गरजच पडली नाही. पाऊस कुणाचा असं कुणी विचारतं का? पुढं कळलं की हा आवाज आपल्याच जिल्ह्यातला, मंगळवेढ्याचा. प्रल्हाद शिंदे, जन्म १९३३. २३ जून २००४ला ते गेले. त्या वर्षी आषाढी जूनच्या अखेरीस होती, म्हणजे ते गेले तेव्हा पालख्या पंढरीच्या वाटेवरच होत्या.

अशा माणसाला आदरांजली वाहायला माळशिरससारखी जागा दुसरी नाही, असं मनात धरूनच मी बसलो होतो.

*

आधी गाण्याबद्दल बोलू, कारण मंडळी गाण्यासाठीच आली होती.

बँडमध्ये कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोलक, टाळ आणि कोरसला तिघं. मुख्य गायक तिशीचा. डोळे मिटून ऐकलं तर पहिल्या दोन ओळी फसवतील इतका आवाज जुळवलेला. टोकाला नाकातून येणारी ती धार, शब्द सोडताना दिलेला हेलकावा, सगळं जागच्या जागी. पब्लिक पहिल्याच गाण्यात गार. माझ्या पुढच्या रांगेतल्या पोरांनी मोबाइल वर केले ते शेवटपर्यंत खाली आलेच नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर मात्र मला काहीतरी खटकायला लागलं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कव्वालीच्या फडात तयार झालेला. समोरची हजारेक माणसं उठून जाऊ नयेत म्हणून पहिल्या आलापातच त्यांना धरून ठेवणारा. तालाच्या आधी ते जी हाक देतात, ती लांबून येते आणि लांब जाते. ती हाक पूर्ण झाल्याशिवाय ढोलकीला जागा नसते. आमच्या गायकाची हाक सुरू व्हायच्या आत ऑक्टोपॅडवाला घाईला आलेला. वर साऊंडवाल्याला सारखी खूण, एको वाढव. मूळ गाण्यात पोकळी आहे ती दम घेण्यासाठी. इथं ती एकोनं भरून काढली होती. गळा जुळला होता, दम जुळला नव्हता.

मध्यंतराच्या आधी कोरसमधल्या एका वयस्कर माणसाला एक गाणं दिलं. पांढरा सदरा, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यानं नकलेचा प्रयत्नही केला नाही. पट्टी खाली घेतली, लय ओढली, ऑक्टोपॅडवाल्याकडं बघून मान हलवली आणि नुसत्या ढोलकी-टाळावर गायला. आवाज अजिबात तसा नव्हता. पण शब्द म्हणताना तो ज्या ठिकाणी थांबत होता, तिथंच प्रल्हाद शिंदे थांबतात. टाळ्या सर्वांत कमी या गाण्याला पडल्या. माझ्या मते त्या रात्रीचं ते एकच गाणं खरं होतं.

नक्कल आणि आदरांजली यांच्यातला हा फरक नवा नाही. लंडनमध्ये १९८० पासून ‘बूटलेग बीटल्स’ नावाची मंडळी बीटल्सचे कपडे, केस, वाद्यं हुबेहूब करून गातायत. आपल्याकडं कपड्यांची हौस कमी, गळ्याची जास्त. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात एक मुकेश, एक रफी, एक किशोर असायचाच. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजनं तर याचा कारखाना काढला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीमुळे मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं झाली की ठरलेली रक्कम भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता यायचं. सोनू निगमची पहिली ओळखही रफींची गाणी गाणारा मुलगा हीच होती. दुसऱ्याच्या गळ्यानं पोट भरणं यात कमीपणा काहीच नाही. माझी तक्रार नकलेबद्दल नाहीच. आपण कशाची नक्कल करतोय हे नीट पाहिलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे.

*

‘पाऊले चालती’ सुरू झालं. मी मोबाइल काढला.

हे गाणं दत्ता पाटलांनी लिहिलेलं, चाल मधुकर पाठकांची. निवेदकानं दोघांचीही नावं घेतली नाहीत. आपल्याकडच्या कार्यक्रमांना ही सवयच आहे, गाणं गाणाऱ्याच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं. असो. गायक ध्रुवपद म्हणाला, पब्लिकनं टाळ्यांचा ठेका धरला, स्टेजसमोर दोन काकू फुगडी घालायला लागल्या. पहिलं कडवं झालं आणि गायक थेट शेवटाकडं गेला.

मधलं कडवं गळालं होतं. मला ते पाठ आहे, कारण आई भाकरी थापताना तेच म्हणते. दुःख-दारिद्र्यानं गांजलेल्या, घरात ताट रिकामं पडलेल्या माणसाचं ते कडवं. आणि सगळं गाणं उभं आहे ते त्याच्यावर. हा माणूस पंढरीला हौसेनं निघालेला नाही. घरात उपासमार आहे, म्हणून पाय तिकडं वळलेत. ते कडवं काढलं की उरते ती सहल. फुगडीला ठेका छान मिळतो, पण गाणं कशाबद्दल होतं ते विसरलं जातं.

वेळेसाठी कडवं गाळतात हे मला कळतं. पण नेमकं भुकेचंच कडवं का गळतं? त्यावर फुगडी घालता येत नाही म्हणून? हा विचार डोक्यात घोळत असतानाच चिठ्ठीचा प्रकार घडला.

*

फर्माइशीच्या चिठ्ठ्या स्टेजवर जात होत्या. निवेदक एकेक वाचायचा, नाव घ्यायचा, गाव घ्यायचा, विनोद करायचा. माझ्या शेजारी साठीतले एक काका बसले होते. त्यांनी पावतीच्या मागं काहीतरी लिहिलं आणि समोरच्या पोराकडं दिलं. ती चिठ्ठी हातोहात पुढं गेली. निवेदकानं उघडली, वाचली, घडी घातली आणि कीबोर्डच्या स्टँडखाली ठेवली. पुढची उघडली.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दुसरी लिहिली. तीही स्टँडखाली.

मी विचारलं, “काका, कुठलं लिहिलंत?”

“भीमगीत. कुठलंबी म्हणा म्हटलं. त्येंनी किती गायल्यात.”

“म्हणतील की.”

“न्हाई म्हणायचे,” ते शांतपणे म्हणाले. राग नव्हता. उद्या पाऊस पडणार नाही असं सांगावं तसं.

मी खिशातला पेन काढला आणि तोवर झालेल्या गाण्यांची यादी पावतीच्या मागं लिहिली. विठ्ठलाची, देवीची, गणपतीची, सत्यनारायणाची. शेवटपर्यंत मिळून चौदा झाली. चौदांत भीमगीत एकही नाही. “वेळेअभावी काही फर्माइशी राहिल्या, रसिकांनी माफ करावं,” असं म्हणून निवेदकानं कार्यक्रम संपवला. त्याआधी नेत्यांच्या सत्काराला पंचवीस मिनिटं गेली होती.

खरं सांगायचं तर, काकांनी चिठ्ठी लिहिली नसती तर हे मला जाणवलंसुद्धा नसतं. मी त्या कडव्यावर कुढत बसलो होतो आणि अर्धा माणूस गाळला गेला होता तो माझ्या नजरेतून सुटला होता.

*

ही ‘आणखी एका प्रकारची गाणी’ राहून जाण्यासारखी साधी गोष्ट का नाही, हे जरा सावकाश सांगतो.

प्रल्हाद शिंद्यांचा जन्म १९३३चा, मंगळवेढ्यातल्या दलित कुटुंबातला. मंगळवेढा हे चोखोबांचंही गाव. वेशीचं बांधकाम कोसळून ते तिथंच गेले असं परंपरा सांगते. साल १३३८. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. जिवंतपणी आत जाता आलं नाही आणि मेल्यावरही जागा मिळाली ती दारात. पुढं सहाशे वर्षांनी प्रल्हाद जन्मले तेव्हाही त्यांच्या समाजाला ते दार बंदच होतं. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं, त्यानंतर पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडलं. प्रल्हाद तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे असतील. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पहिलीच देवांना न मानण्याची आहे.

ज्या गळ्यातून चंद्रभागेचं वाळवंट आपल्या घरात आलं, त्या गळ्यामागं हे सगळं होतं. त्याच गळ्यानं सत्यनारायणाची कथा घराघरांत नेली आणि त्याच गळ्यानं बाबासाहेबांवरची गाणी वस्त्यावस्त्यांत नेली. हे दोन्ही एकत्र कसं नांदलं? श्रद्धा, पोटापाण्याचा धंदा, कलावंताची आवड, समाजाची हाक, प्रत्येकाचा वाटा किती हे मोजायला मी बसणार नाही. पण गाणी आहेत आणि दोन्हींकडची आहेत, एवढं तर कुणीही ऐकून सांगू शकतं.

असं जगणारे ते एकटे नव्हते. विठ्ठल उमप ‘जांभूळ आख्यान’ करायचे, त्यात द्रौपदी यायची, आणि तेच उमप भीमगीतं गायचे. २६ नोव्हेंबर २०१०ला नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले. वामनदादा कर्डकांनी गाणी लिहिली आणि एका अख्ख्या पिढीच्या गायकांना ती पुरली. वामनदादा १५ मे २००४ला गेले, प्रल्हाद शिंदे त्यानंतर सहाच आठवड्यांनी. शिंद्यांच्या घरात आजही ही वाटणी दिसत नाही. आनंद आणि मिलिंद दोन्हीकडचं गात आले. ‘दुनियादारी’मधून तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये आलेला नातू आदर्श देवाचं गाणं म्हणतो आणि भीमगीतही त्याच जोरात म्हणतो.

वाटणी केली ती ऐकणाऱ्यांनी. लहानपणी अकलूजच्या कॅसेटच्या दुकानात भक्तिगीतांचा कप्पा वेगळा आणि भीमगीतांचा वेगळा होता. एकाच माणसाचा फोटो दोन्ही कप्प्यांत असायचा, पण पहिल्या कप्प्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं वळायचं नाही. आज दुकान गेलं, कप्पे मोबाइलमध्ये आले. मी विठ्ठलाचं एक गाणं लावलं की ॲप मला विठ्ठलाचीच पन्नास सुचवतं. पंचवीस वर्षं त्या आवाजासोबत काढून त्याचं पहिलं भीमगीत मी ऐकलं ते कॉलेजात, एका मित्राच्या इअरफोनमधून. ऐकल्यावर मी म्हणालो होतो, “अरे, हे पण त्यांचंच?” तो माझ्याकडं नुसतं बघत राहिला. त्या बघण्याचा अर्थ मला परवा त्या काकांच्या शेजारी बसल्यावर कळला.

*

कार्यक्रम संपल्यावर मी मागं गेलो. गायक घाम पुसत चहा पीत होता. मी आधी गाण्याचं कौतुक केलं, ते खोटं नव्हतं. मग यादीचं विचारलं.

“आवं दादा, आम्ही भीमगीतं म्हणत न्हाई असं कोण म्हणतंय?” तो म्हणाला. “चौदा एप्रिलला एका रात्रीत तीन-तीन सुपाऱ्या करतो आम्ही. हीच पोरं, हाच बँड. पण ह्यो प्रोग्राम येगळा हाय. इथं घेतलं की कुणीतरी उठणार, आयोजक नाराज होणार. आन् तिथं विठ्ठलाचं घेतलं की तिथली मंडळी नाराज होणार. मी मधी कशाला मरू?”

त्याचं शेवटचं वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होतो. चौदा एप्रिलच्या मंचावरही तो प्रल्हाद शिंद्यांचा अर्धाच भाग गातो. तिथलं कारण वेगळं आहे आणि ते मला जास्त पटतं. ज्या देवाच्या दारात पिढ्यान् पिढ्या उभं राहू दिलं नाही, त्याची गाणी आपल्या उत्सवात नकोत, असं कुणी म्हणालं तर त्यामागं सोसलेलं आहे. मंगल कार्यालयातल्या आम्हा लोकांनी काय सोसलं होतं? आम्हाला फक्त अवघडल्यासारखं होणार होतं. ही दोन कारणं एका तराजूत घालता येत नाहीत.

गायकाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण सुपारीवर जगणारा माणूस समोरच्या खुर्च्यांचे चेहरे वाचून गातो. चौदा गाण्यांची ती यादी त्यानं केली खरी, पण आमचे चेहरे वाचून. पहिल्या चिठ्ठीच्या वेळी निवेदकानं वर पाहिलं तेव्हा दोनशेपैकी वीस जणांनी ‘होऊन जाऊ द्या’ म्हटलं असतं तर? मी शेजारीच होतो. चिठ्ठीत काय आहे हे दुसऱ्या वेळेपर्यंत मला माहीत झालं होतं. तरी मी ओरडलो नाही. पेन काढून यादी करत बसलो. समीक्षकाचं काम केलं म्हणा हवं तर.

म्हणून या कार्यक्रमाबद्दल माझं मत असं. गळा उत्तम, साथ घाईची, एको फार. पांढऱ्या सदऱ्यातल्या गायकाला अख्खा एक भाग द्यायला हवा. गीतकार-संगीतकारांची नावं घ्यायला पैसे पडत नाहीत, ती घ्या. आणि पुढच्या वेळी फ्लेक्सवर प्रल्हाद शिंद्यांचं नाव लावणार असाल, तर चौदातली निदान चार गाणी त्या दुसऱ्या कप्प्यातली घ्या. न घ्यायची असतील तर ‘प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं’ असं लिहा. तेवढ्यानं अन्याय थांबणार नाही, पण निदान फ्लेक्स खोटा ठरणार नाही.

*

बाहेर आलो तर टेम्पोत स्पीकर चढवणं चालू होतं. काका पार्किंगमध्ये गाडीला किक मारत होते. मी म्हटलं, “काका, राहिलंच तुमचं.” ते हसले. “घरी हाय की मोबाइलात,” म्हणाले आणि गेले.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. सकाळी आईला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिला मधलं कडवं नाही हे लगेच कळलं. “ह्यानं खाल्लं की मधलं,” म्हणाली आणि स्वतःच म्हणून टाकलं, तव्यावरची भाकरी उलटता उलटता. मग मी मोबाइलवर एक भीमगीत शोधलं आणि काही न सांगता लावलं. पहिल्या हाकेलाच तिनं मान वर केली. गाणं संपेपर्यंत काही बोलली नाही. चुलीपुढं बसून सगळं ऐकलं.

“आवाज त्योच हाय,” ती म्हणाली. “हेबी त्येंचंच?”

“हो.”

“मग काल का न्हाई म्हटलं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं असं नाही. वर एवढं सगळं लिहिलंय ते उत्तरच आहे. पण तिच्यासमोर ते मला तोंडातून काढता आलं नाही.